स्टेशन रोडची कोंडी: अर्जाआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

कल्याणच्या पुढच्या पट्ट्यातल्या बऱ्याच सोसायट्यांचे अर्ज माझ्याकडे ‘जरा बघून द्या’ म्हणून येतात. बहुतेकांची शेवटची ओळ एकच असते: ‘तरी सदर ठिकाणची वाहतूक कोंडी दूर करून नागरिकांना दिलासा द्यावा, ही नम्र विनंती.’ खाली तीन पानं सह्या. या अर्जाचं पुढे काय होतं तेही ठरलेलं आहे. वाहतूक शाखा ‘रस्ता नगरपालिकेचा असल्याने’ म्हणून तो नगरपालिकेला पाठवते. नगरपालिका ‘वाहतूक नियमन पोलिसांच्या अखत्यारीत’ म्हणून परत पाठवते. सगळा दोष कार्यालयांना देऊन उपयोग नाही. त्या कागदात कुणी करावं असं काही नसतंच.

खालचा क्रम छोट्या उपनगराच्या हिशोबाने लिहिला आहे. नगरपालिका, एक स्टेशन, स्टेशनकडे जाणारा एकच धड रस्ता, त्यावर भाजीवाले, शेअर रिक्षा, एखादी शाळा आणि दोन बँका. अंबरनाथ, बदलापूर, कर्जत काय किंवा पुण्याकडे तळेगाव काय, चित्र थोड्याफार फरकाने तेच. महापालिका असेल तर कार्यालयांची नावं बदलतील, क्रम तोच राहील.

## तयारी: माणसं, सामान, दिवस

किमान सहा माणसं हवीत आणि त्यातली दोन तरी सकाळी ७ ते ११ मोकळी असणारी. निवृत्त मंडळी यासाठी सोन्यासारखी. आमच्यात एक निवृत्त रेल्वे गार्ड आहेत. लोकलचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ, आणि त्याचा उपयोग किती झाला ते पुढे येईलच.

सामान साधं आहे: ३० मीटरची टेप, खडू किंवा फक्की, पुठ्ठ्याचे पॅड, पेन्सिली, आणि रस्ता वरून दिसेल अशी एखादी गच्ची. शिवाय एक जाड फाइल. प्रत्येक कागदाची पोच त्यात पहिल्या दिवसापासून लावायची.

मोजणीसाठी मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार निवडा. सोमवारी आणि शनिवारी चित्र वेगळं असतं. आठवडी बाजाराचा दिवस, शाळेची सुट्टी, सणाचा आठवडा टाळा. पावसाळ्यात मोजू नका असं मी म्हणणार नाही, पण पावसाची मोजणी वेगळी ठेवा, कोरड्या दिवसाच्या आकड्यांत मिसळू नका.

थांबा: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘काय उपाय करावा?’ असा प्रश्न आत्ता टाकू नका. तासाभरात उड्डाणपूल, वन-वे, भाजीवाले हटवा आणि स्पीड ब्रेकर असे चार पक्ष पडतील आणि मोजायला एकही जण येणार नाही.

## पायरी १: कोंडी जन्मते कुठे ते शोधा

गाड्या जिथे उभ्या दिसतात तिथे कोंडी झालेली नसते, तिथे फक्त तिची शेपटी असते. रांगेत उभं राहून समोर चालत जा, आणि जिथून पुढे रस्ता एकदम मोकळा दिसतो तिथे थांबा. कोंडीचं तोंड ते.

हे सलग तीन दिवस, गर्दीच्या वेळी, दोन्ही दिशांनी करा आणि दर वेळी ते तोंड नकाशावर फुलीने दाखवा. तीन फुल्या एकाच ठिकाणी आल्या तर काम सोपं. वेगवेगळ्या आल्या तर एकाहून जास्त कारणं आहेत, आणि त्यांची मोजणी वेगवेगळी करावी लागेल.

आमची ओरड बँकेसमोरच्या चौकाबद्दल होती. चालत गेलो तेव्हा कळलं की रांग चौकाच्याही पुढे, स्टेशनच्या तोंडाशी सुरू होते. तिथे रिक्षा वळायला दोनदा मागे-पुढे कराव्या लागायच्या, कारण कोपऱ्यावर नारळपाण्याची गाडी आणि तिच्यामागे एक बंद पडलेला टेम्पो होता. चौकात सिग्नल मागणारा आमचा अर्ज तोपर्यंत टाइप करून तयार होता.

## पायरी २: रस्ता कोणाचा ते कागदावर ठरवा

ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि अर्ज फिरत राहण्याचं मुख्य कारण हेच. स्टेशनपासून शंभर मीटरच्या आत तीन मालक निघू शकतात. स्टेशनसमोरची जागा रेल्वेची, पुढचा रस्ता नगरपालिकेचा आणि तो जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो तिथून सार्वजनिक बांधकाम विभागाचा. काही ठिकाणी एमएमआरडीए किंवा एमआयडीसीही असते. गावठाणाच्या कडेला एखादा तुकडा अजून जिल्हा परिषदेच्या नावावर निघतो.

नगररचना विभागातून विकास आराखड्याचा भाग नकाशा घ्या. त्यावर रस्त्याची मंजूर रुंदी असते: ९, १२, १५, १८ मीटर अशी. मग बांधकाम विभागात जाऊन एकच विचारा: शेवटचं डांबरीकरण कोणी केलं? बिल ज्याने भरलं तो मालक, असं बहुतेक वेळा निघतं.

नव्या वसाहतींत एक वेगळाच पेच असतो. लेआउटमधला रस्ता विकासकाने नगरपालिकेकडे हस्तांतरित केलेलाच नसतो. रस्ता सगळे वापरतात, कागदावर तो खासगी. तिथे पालिका दुभाजक काय, साधी पाटीसुद्धा लावायला कचरते. तसं असेल तर आधी हस्तांतरणाचा अर्ज, मग बाकी सगळं.

सरळ विचारून उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये शुल्क, मजकूर १५० शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘रस्त्याची दुरवस्था का झाली?’ असे का-वाले प्रश्न विचारू नका, त्यांना उत्तर मिळत नाही. कागद मागा: ‘अमुक चौक ते तमुक चौक या रस्त्याच्या शेवटच्या डांबरीकरणाच्या कार्यादेशाची प्रत.’

तपासा: नकाशावर रस्त्याचा प्रत्येक तुकडा मालकाप्रमाणे वेगळ्या रंगात रंगवला का? कोंडीचं तोंड कोणत्या रंगात येतं? अर्ज त्या कार्यालयाला जाईल.

## पायरी ३: रुंदी मोजा

भाग नकाशावर १२ मीटर असतं, पण चालत्या गाडीला त्यातलं किती मिळतं? दर वीस पावलांवर टेप लावा आणि दोन आकडे लिहा: कंपाऊंड ते कंपाऊंड, आणि प्रत्यक्ष गाडी जाऊ शकेल एवढी जागा.

१२ मीटरचा हिशोब बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) पादचाऱ्यांसाठीच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शिकेत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर धरली आहे. दोन्ही बाजूंना मिळून ३.६ गेले, उरले ८.४. येण्या-जाण्याला ३ मीटरची एकेक मार्गिका धरली तर ६ मीटर. बाकी २.४. म्हणजे एकाच बाजूला, आणि तेही रस्त्याला समांतर, पार्किंग बसतं. दोन्ही बाजूंना स्कूटर आडव्या लावल्या की चार-एक मीटर तिथेच संपतात, पादचारी डांबरावर उतरतात आणि समोरून एसटी आली की सगळं थिजतं. हे गणित अर्जाला जोडा. ‘रस्ता रुंद करा’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना ते पाहून कळतं की रस्ता रुंदच आहे, वापरायला मिळत नाही.

मोजताना खांब, डीपी (विजेच्या पेट्या), उंच आलेली चेंबरची झाकणं, झाडाचे कठडे यांचीही नोंद करा. रुंदीकरण होऊनही महावितरणचा खांब तसाच मध्ये उभा, हे आपल्याकडचं नेहमीचं दृश्य. खांब हलवायला महावितरणचं वेगळं अंदाजपत्रक आणि पैसे भरावे लागतात. रस्त्याच्या कामात ते धरलेलं नसेल तर खांब तिथेच राहतो.

## पायरी ४: मोजणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चार गोष्टी मोजायच्या आहेत, आणि चारही एकाच दिवशी मोजायचा अट्टहास करू नका.

### वाहनं

कागदावर रकाने पाडा: दुचाकी, रिक्षा, कार, टेम्पो, बस-ट्रक, सायकल, हातगाडी. प्रत्येक दिशेला एक माणूस. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. इतर ठिकाणी दर १५ मिनिटांनी नवी ओळ चालते, पण स्टेशन रोडला ५ मिनिटांची ओळ करा. कारण आमच्या गार्डकाकांनी पहिल्याच सकाळी दाखवून दिलं: गर्दी घड्याळाने येत नाही, लोकलने येते. संध्याकाळी १२ डब्यांची लोकल रिकामी झाली की चार-पाच मिनिटं रस्ता तुंबतो, मग सुटतो. १५ मिनिटांच्या बेरजेत हा भरती-ओहोटीचा खेळ सपाट होऊन जातो आणि अभियंता म्हणतो, ‘आकडे तर ठीक दिसतायत.’ ओळीच्या शेवटी कोणती लोकल आली तेही लिहा.

नुसती गाड्यांची संख्या सांगून भागत नाही, कारण स्कूटर आणि ट्रक सारखी जागा खात नाहीत. त्यासाठी प्रत्येक वाहन ‘इतक्या कारएवढं’ धरतात, त्याला पीसीयू म्हणतात. शहरी रस्त्यांच्या क्षमतेवरच्या आयआरसी १०६ मध्ये, एखाद्या प्रकारची वाहनं एकूण वाहनांच्या १० टक्क्यांहून जास्त असतील तर दुचाकी ०.७५ आणि रिक्षा २ धरायची असते. कार १. बस-ट्रक ५ टक्क्यांपर्यंत असतील तर २.२.

समजा, तासाला ८०० दुचाकी, ४०० रिक्षा, १५० कार आणि २० बस-ट्रक गेले. पीसीयू झाले ६००, ८००, १५० आणि ४४, म्हणजे एकूण १,५९४. त्याच मार्गदर्शिकेत दोन पदरी, दुतर्फा रस्त्याची क्षमता रस्त्याच्या दर्जाप्रमाणे तासाला ९००, १,२०० किंवा १,५०० पीसीयू दिली आहे. म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा धरला तरी हा रस्ता भरून वाहतोय. त्यातही पाहा, रिक्षा संख्येने तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी आहेत, पण भार निम्मा त्यांचा. रिक्षांच्या रांगेची जागा बदलल्याशिवाय इथे काही हलणार नाही, हे न भांडता सिद्ध होतं.

आयआरसी १०६ ही १९९० ची आहे. २०१७ मध्ये रस्त्यांच्या क्षमतेवरची इंडो-एचसीएम ही नवी पुस्तिका आली, तिच्यात पीसीयूचे आकडे वेगळे आहेत. अभियंत्याने ती धरायला सांगितली तर वाद घालू नका, त्यांच्या आकड्यांनी पुन्हा गुणाकार करा. तुमची मूळ मोजणी बदलत नाही.

### माणसं

पादचारी मोजायला लोक हमखास विसरतात. रस्ता ओलांडणारे वेगळे आणि कडेने चालणारे वेगळे मोजा. कडेने चालणाऱ्यांतले किती जण डांबरावरून चालतात तेही लिहा. हा एक आकडा पुढे पदपथाची बाजू लढवतो.

### उभ्या गाड्या

दर अर्ध्या तासाने रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं आणि प्रत्येक उभ्या गाडीचे शेवटचे चार आकडे लिहायचे. सकाळी ७ ते रात्री ९. कंटाळवाणं आहे, पण असं डोळे उघडणारं काम दुसरं नाही. कुठली गाडी किती वेळ उभी होती ते संध्याकाळी आपोआप समोर येतं.

साधारण तीन गट निघतात. सकाळी लोकल पकडण्याआधी स्कूटर लावून रात्री नेणारे, दिवसभर उभ्या असलेल्या दुकानदारांच्या स्वतःच्या गाड्या, आणि दहा-वीस मिनिटांसाठी येणारं खरं गिऱ्हाईक. ‘पार्किंग बंद केलं तर धंदा बसेल’ म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्या एका दुकानदाराची स्कूटर आमच्या कागदावर साडेनऊ ते साडेआठ एकाच जागी होती, त्याच्याच दुकानाच्या दारात. कागद त्याला एकट्याला, चहा पिताना दाखवला. सभेत दाखवला असता तर तो कायमचा विरोधात गेला असता.

थांबा: नंबरांची यादी फक्त तुमच्या फाइलमध्ये राहू द्या. अर्जाला जोडायचा तो गोषवारा: किती गाड्या, किती तास. नंबर प्लेटचे फोटो ग्रुपवर टाकणं चूक आहे आणि त्याने भांडणाशिवाय काही मिळत नाही.

### वेग

कोंडीच्या वेळी नव्हे, दुपारी किंवा रात्री मोजा. खडूने ३० मीटर अंतरावर दोन रेघा मारा आणि गाडी एकीवरून दुसरीवर यायला किती सेकंद लागले ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर पाहा. १०८ ला सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. ३.६ सेकंद म्हणजे ३०, २.५ सेकंद म्हणजे ४३. शंभर गाड्या मोजून उतरत्या क्रमाने लावा, वरच्या १५ सोडा, सोळावीचा वेग अर्जात लिहा. एखाद्या वेड्या दुचाकीस्वाराचा वेग लिहून काही सिद्ध होत नाही.

तपासा: दोन वेगळ्या दिवसांच्या आकड्यांत मोठी तफावत आहे का? असेल तर तिसरा दिवस मोजा. सरासरी काढून तफावत झाकू नका.

## पायरी ५: कारणाला उपाय जुळवा, उलटं नको

आता कुठे उपायांचा विषय. लोक ज्या उपायांवर सगळ्यात आधी उडी मारतात त्यांच्याबद्दल थोडं.

वन-वे. पुण्यात फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता एकमेकांची जोडी म्हणून चालतात, कारण ते समांतर आहेत आणि मध्ये जोडरस्ते आहेत. तुमच्या उपनगरात दुसरा रस्ता कुठला? शाळेमागची सहा मीटरची गल्ली असेल तर वन-वेने कोंडी तिथे नेऊन ठेवाल, तीही शाळा सुटायच्या वेळी. शिवाय समोरून कोणी येत नाही म्हटलं की गाड्या सुसाट सुटतात. वन-वे मागण्याआधी पर्यायी रस्त्याचीही पायरी ३ आणि ४ करा.

स्पीड ब्रेकर. हे कोंडीवरचं औषध नाही, वेगावरचं आहे. आयआरसी ९९ च्या १९८८ च्या आवृत्तीत ताशी २५ किलोमीटरने ओलांडता यावा असा जो गोलसर उंचवटा दिला होता, तो गाडीच्या दिशेत ३.७ मीटर लांब आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच होता. आपल्याकडे उरलेल्या डांबराचा हातभर रुंदीचा बांध रात्रीतून घातला जातो. त्यावर गर्भवती बाई रिक्षात बसून गेली की काय होतं ते तिला विचारा. सोसायटीने स्वतःच्या खर्चाने सार्वजनिक रस्त्यावर असा बांध घालणं हे तर अंगाशी येणारं काम आहे: अपघात झाला की पहिला प्रश्न ‘हा घातला कोणी?’

उड्डाणपूल, स्कायवॉक. २००८ मध्ये बांद्रा पूर्वेला पहिला स्कायवॉक झाला आणि मग आपल्या पट्ट्यातही ते उभे राहिले. संध्याकाळी भाजी घेऊन घरी जाणारा माणूस दोन मजले चढत नाही, कारण भाजी खाली आहे. उड्डाणपूल लागेलही कदाचित, पण त्याची मागणी वेगळ्या कागदावर करा. छोट्या उपायांच्या अर्जात उड्डाणपूल लिहिला की अख्खी फाइल ‘निधी उपलब्ध झाल्यावर’ या कप्प्यात जाते.

सिग्नल. चौकाच्या पुढेच रस्ता अडलेला असेल तर सिग्नल हिरवा होऊन उपयोग काय?

बहुतेक स्टेशन रोडना लागू पडणारे उपाय फार साधे असतात. कोपऱ्यापासून काही मीटर काहीही उभं राहणार नाही अशी मोकळी जागा. रिक्षांची रांग वळणाच्या तोंडापासून मागे. पार्किंग एकाच बाजूला, किंवा सम-विषम तारखेने. माल उतरवण्याची ठरलेली वेळ. आणि पदपथावर सलग चालता येईल एवढी तरी जागा. हे एकेकटे दिसायला किरकोळ वाटतात. कोंडीच्या तोंडावर लावले की किरकोळ राहत नाहीत.

## पायरी ६: ज्यांचं पोट रस्त्यावर आहे त्यांच्याशी आधी बोला

अर्जानंतर नव्हे, आधी. रिक्षा संघटनेचा स्टँडप्रमुख, भाजीवाल्यांतली एखादी जाणती मावशी, दुकानदार संघ, शाळेच्या बसची व्यवस्था बघणारे सर. प्रत्येकाकडे वेगळं जा, नकाशा घेऊन जा, आणि ‘तुमच्यामुळे कोंडी होते’ हे वाक्य घरी ठेवून जा.

स्टँडवर जाऊन मी एवढंच विचारलं होतं, ‘दादा, तुम्हाला एक फेरी मारायला किती वेळ लागतो?’ अर्धा वेळ वळण्यात जातो, असं त्यांनीच सांगितलं. मागे सरकलं तर दिवसाला फेऱ्या वाढतील, हा हिशोबही त्यांनीच मांडला. अधिकृत स्टँडची जागा बदलायची तर आरटीओ, वाहतूक पोलीस आणि नगरपालिका यांची संयुक्त पाहणी लागते. संघटनेचं संमतीपत्र सोबत असेल तर ती लवकर होते.

फेरीवाल्यांबाबत दोन गोष्टी पक्क्या माहीत असू द्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाप्रमाणे रेल्वे स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसता येत नाही. आणि २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण, पथविक्रेता समिती आणि विक्रीसाठी ठरवून दिलेली जागा ही नगरपालिकेची जबाबदारी आहे. पहिलीच गोष्ट धरून ‘हटवा’ म्हटलं की गाडी येते, फेरीवाले पळतात आणि साडेसहाच्या लोकलला परत येतात. १५० मीटरच्या बाहेर जागा सुचवणारा अर्ज द्या. कुठली जागा? पायरी ३ च्या टेपने मोजलेली.

## पायरी ७: अर्ज

दोन पानं पुरे. पहिल्या पानावर कोंडीचं नेमकं ठिकाण, रस्त्याचा मालक, मोजणीचे सहा-सात आकडे आणि एका महिन्यासाठी करून पाहायचा बदल. दुसऱ्या पानावर हाताने काढलेला नकाशा: आजची स्थिती डावीकडे, सुचवलेली उजवीकडे. मागे परिशिष्ट म्हणून मोजणीचे तक्ते, संमतीपत्रं, चार फोटो. सह्या हव्या तर शेवटी.

अर्ज एकाच वेळी तिघांना, आणि प्रत्येकाला त्याच्याच कामापुरती मागणी:

- वाहतूक पोलिसांकडे: पार्किंगबंदी, एकाच बाजूचं पार्किंग, अवजड वाहनांच्या वेळा. वाहनांवरच्या निर्बंधांची तरतूद मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ मध्ये, वाहतूक चिन्हांची ११६ मध्ये आणि पार्किंगच्या जागांची ११७ मध्ये आहे. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत अर्ज वाहतूक उपायुक्तांच्या नावे, ग्रामीण हद्दीत असाल तर आधी जिल्हा वाहतूक शाखेत विचारा.
- नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे: पट्टे, पाट्या, पदपथ, खांब हलवणं, विक्रीची जागा.
- रेल्वेकडे: स्टेशनसमोरच्या त्यांच्या जागेतला अडथळा असेल तरच.

प्रत्येक प्रतीवर ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून बाकी दोघांची नावं टाका. त्यामुळे कुठलंच कार्यालय ‘आमच्याकडे नाही’ म्हणून कागद फिरवू शकत नाही, कारण त्यांच्या वाट्याचं काम त्याच कागदावर लिहिलेलं असतं.

थांबा: अर्ज आधी नगरसेवकाला दाखवा आणि विरोधी गटातल्यालाही दाखवा. एकाच्याच बॅनरवर हा विषय गेला की दुसरा आडवा येणार, हे सांगायला नको. आचारसंहितेच्या तोंडावर अर्ज दिला तर महिना-दोन महिने फाइल हलत नाही, तेवढी तारीख बघून घ्या.

## पायरी ८: महिनाभराचा प्रयोग

कलम ११५ मधली एक सोय फार थोड्यांना माहीत आहे. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळाचा नसेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी पुरते. म्हणून ‘कायमचा बदल करा’ ऐवजी ‘महिनाभर करून बघू या’ म्हणा. अधिकाऱ्यालाही हो म्हणायला ते सोपं जातं, कारण बिघडलं तर मागे घेता येतं.

आदेश मात्र त्यांचाच हवा, लेखी. तो हातात पडेपर्यंत सोसायटीच्या कार्यकर्त्यांनी शिट्ट्या घेऊन रस्त्यावर उतरायचं नाही, एक शंकूसुद्धा ठेवायचा नाही.

आदेश मिळाल्यावर:

१. आठ दिवस आधी दुकानांत, स्टँडवर, शाळेत, सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर मराठी आणि हिंदीत सूचना. नकाशासकट.

२. आदल्या रात्री शंकू, बॅरिकेड, फक्कीच्या रेघा. सिमेंटचं काहीही नको. आमच्याकडे रिक्षांची नवी रांग पहिल्या रात्री फक्कीने आखली होती. सकाळी दिसलं की दोन फूट चुकली आहे, झाडून पुन्हा आखली. काँक्रीटचा कठडा असता तर तो तसाच राहिला असता.

३. पहिला आठवडा, गर्दीच्या दोन्ही वेळी, वाहतूक पोलीस किंवा वॉर्डन कोंडीच्या तोंडाशीच हवेत. चौकात छत्रीखाली नकोत.

४. पहिले तीन दिवस गोंधळ होणार. त्या दिवसांचे व्हिडिओ फिरतील, शिव्या बसतील. निष्कर्ष काढू नका.

५. तिसऱ्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच गच्चीवरून, त्याच माणसांनी पुन्हा मोजणी. शेजारची गल्लीही मोजा. कोंडी गेली की नुसती सरकली ते तिथेच कळतं.

६. दुपारचा वेग पुन्हा मोजा. रस्ता मोकळा झाला की गाड्या पळतात आणि ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची पंचाईत होते. वेग वाढला असेल तर ओलांडण्याच्या जागी नियमात बसणारा उंचवटा आत्ता मागा. त्याची योग्य वेळ ही आहे.

तपासा: प्रयोगाच्या काळात आलेली प्रत्येक तक्रार तारीख-वेळेसकट वहीत लिहिली का? ‘लोकांचा विरोध आहे’ असं कार्यालय म्हणालं तर किती लोकांचा आणि कशाला, हे वहीतूनच सांगता येतं.

## पायरी ९: कायम करून घेणं

प्रयोगाचे आधीचे आणि नंतरचे आकडे एका पानावर मांडा आणि महिना संपायच्या आत द्या. महिना संपून शंकू उचलले गेले की दोन दिवसांत जुना रस्ता परत येतो, आणि पुन्हा सुरुवात करायला कोणाच्याच अंगात त्राण नसतं. कायमच्या अधिसूचनेआधी हरकती-सूचना मागवल्या गेल्या तर बाजूने लिहिणाऱ्यांनीही लिहायला हवं. आपल्याकडे पत्र लिहितो तो फक्त नाराज माणूस.

पैशांचं वेळापत्रक लक्षात ठेवा. नगरपालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुमारास सभेपुढे येतं, त्याची जुळवाजुळव त्याआधी काही महिने चालू असते. पदपथ, खांब हलवणं, पट्टे यांचा प्रस्ताव दिवाळीच्या आसपास मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर हवा. मार्चमध्ये गेलात तर ‘पुढच्या वर्षी बघू’. मार्चअखेर घाईघाईने झालेली कामंही डोळ्यांखालून घाला: पट्टे धुळीवरच मारलेले असतात आणि पहिल्या पावसात निघतात.

काम सुरू झालं की टेप पुन्हा काढा. पदपथ १.८ मीटर मोकळा आहे का, की मधेच खांब आणि झाडाने खाल्ला? उतार आहे का, बाबागाडी आणि व्हीलचेअर चढते का? चेंबरचं झाकण डांबराच्या पातळीत आहे का? ठेकेदाराला तोंडी सांगून उपयोग नाही. फोटो, मोजमाप, तारीख, आणि शाखा अभियंत्याला लेखी, बिल निघायच्या आत.

सहा महिन्यांनी एक सकाळ काढून पुन्हा मोजा. कोपऱ्यावर नारळपाण्याची गाडी परत आलेली असेल. आमच्याकडे आली होती.